आयडी द्यावा कसा, जपावा कसा

एखाद्या तालुक्याच्या गावी आरोग्य शिबिर भरलं आहे असं धरा. तीन टेबलांवर तीन लॅपटॉप, इंटरनेट नाही, आणि तिन्हींवर पायथनमध्ये लिहिलेला नोंदणीचा एकच छोटा प्रोग्राम. पहिला रुग्ण आला की त्याला १ क्रमांक, पुढच्याला २. संध्याकाळी तिन्ही लॅपटॉपमधली माहिती एकत्र केली की १ क्रमांकाचे तीन रुग्ण निघतात, ४७ क्रमांकाचेही तीन. रक्ततपासणीचा अहवाल '४७ क्रमांकाचा रुग्ण' एवढ्याच ओळखीवर आलेला असतो. साखर वाढलेली नेमकी कुणाची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. क्रमांक देणारी जागा एकच आहे असं प्रोग्रामनं गृहीत धरलं होतं, प्रत्यक्षात त्या जागा तीन होत्या.

प्रोग्रामिंगच्या वर्गात हा विषय पाच मिनिटांत उरकतात. तो तेवढ्यात उरकू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आयडी चुकला की एकाचा अहवाल दुसऱ्याच्या फायलीत जातो, एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढतात. आयडीचं काम एकच: ही नोंद त्या नोंदीहून वेगळी आहे, एवढं कायमचं सांगणं. त्याच्याकडून आणखी कामं करून घ्यायला गेलं, म्हणजे त्यातच तारीख, जिल्हा, एकूण संख्या, गुप्तता असं सगळं भरलं, की पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. पायथन येणाऱ्या आणि लहानमोठे प्रोग्राम लिहू लागलेल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

साधा चढता क्रमांक कुठे पुरतो

नोंदी एकाच डेटाबेसमध्ये जाणार असतील आणि तो डेटाबेस कायम हाताशी असेल, तर १, २, ३ असा चढता क्रमांक उत्तम. तो लहान असतो, वेगवान असतो, फोनवर सांगता येतो. फक्त तो डेटाबेसलाच देऊ द्या. 'आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा क्रमांक वाचा आणि त्यात १ मिळवा' हे पायथनमध्ये स्वतः लिहू नका. दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांचेही प्रोग्राम तोच मोठा क्रमांक वाचतात आणि दोघांनाही पुढचा तोच मिळतो. शिवाय शेवटची नोंद कुणी काढून टाकली तर तिचा क्रमांक पुन्हा नव्या नोंदीला जातो. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं: तिथे प्रायमरी कीला ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द जोडला नसेल, तर सगळ्यांत मोठ्या क्रमांकाची नोंद पुसल्यावर डेटाबेस स्वतःच तो क्रमांक पुन्हा वापरू शकतो. कागदी पावतीवर जुना क्रमांक छापलेला असेल तर ती पावती आता भलत्याच व्यवहाराकडे बोट दाखवते.

चढत्या क्रमांकाची दुसरी अडचण म्हणजे तो बोलका असतो. दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी तपासले आणि त्यांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता महिन्याला १,५५० रणगाडे, अनुक्रमांकांवरून काढलेला अंदाज होता ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत आकडा सापडला ३४२. तुमच्या दुकानाच्या बिलाच्या लिंकमध्ये आज सकाळी ५१२० आणि रात्री ५१५३ दिसलं, तर दिवसभरात किती बिलं झाली हे प्रतिस्पर्ध्याला तुम्हीच सांगितलेलं असतं. लिंकमधला क्रमांक एकनं बदलून दुसऱ्याचं बिल उघडता येणं हा याहून गंभीर दोष. त्यावरचा खरा उपाय मात्र आयडी बदलण्यात नाही, मागणाऱ्याला ते बिल पाहण्याचा अधिकार आहे का हे दर वेळी तपासण्यात आहे. आयडी कितीही अवघड केला तरी ही तपासणी टाळता येत नाही.

यूयूआयडी

शिबिरासारख्या परिस्थितीसाठी, जिथे अनेक यंत्रांनी एकमेकांना न विचारता आयडी द्यायचे असतात, यूयूआयडी हा प्रकार आहे. १९८० च्या दशकात अपोलो कॉम्प्युटर या कंपनीच्या यंत्रणेत त्याची सुरुवात झाली. मायक्रोसॉफ्टच्या जगात त्यालाच जीयूआयडी म्हणतात. २००५ मध्ये आरएफसी ४१२२ या दस्तऐवजानं त्याचे नियम बांधून दिले आणि मे २०२४ मध्ये त्याची जागा आरएफसी ९५६२ नं घेतली. यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांची एक संख्या. ती लिहिताना सोळाच्या पायावरचे ३२ अंक ८-४-४-४-१२ अशा गटांत मांडतात, मधल्या चार रेघा धरून ३६ अक्षरं होतात. तिसऱ्या गटाचं पहिलं अक्षर आवृत्ती सांगतं. कुठूनही आलेला यूयूआयडी हाती आला की आधी तिथे पाहावं.

पायथनमध्ये यूयूआयडी हे मॉड्यूल २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, भाषेबरोबरच येतं. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. शिकणाऱ्यांना एक गोष्ट फार छळते: सरावासाठी बनवलेल्या फायलीलाच मॉड्यूलचं नाव दिलं जातं, मग पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तीच फाइल उघडतो आणि 'असं फंक्शनच नाही' असं सांगतो. फाइलीला दुसरं काहीही नाव द्या.

या मॉड्यूलमधलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं फंक्शन म्हणजे यूयूआयडी४. १२८ पैकी सहा बिट आवृत्ती आणि प्रकार सांगण्यात जातात, उरलेले १२२ बिट ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेले यादृच्छिक असतात. दोन यूयूआयडी चुकून सारखे निघतील का, ही शंका प्रत्येकाला येते आणि ती रास्त आहे. २३ माणसं जमली की त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. म्हणजे टक्कर आपल्या अंदाजापेक्षा बरीच लवकर होते. पण १२२ बिटांचा पसारा एवढा मोठा आहे की दर सेकंदाला शंभर कोटी या वेगानं आयडी काढत राहिलं तरी एक टक्कर होण्याची शक्यता निम्म्यापर्यंत पोचायला सुमारे ८६ वर्षं लागतात. शिबिराच्या तीन लॅपटॉपांनी निश्चिंत राहावं.

ही निश्चिंती पूर्ण यूयूआयडीची आहे, त्याच्या तुकड्याची नव्हे. ३६ अक्षरं लांब वाटतात म्हणून पहिली आठच ठेवायची, हे मी अनेकांच्या कोडमध्ये पाहतो. आठ अक्षरं म्हणजे फक्त ३२ बिट. तिथे सुमारे ९,३०० नोंदींनाच टक्कर होण्याची शक्यता एक टक्क्यावर जाते आणि सुमारे ७७,००० नोंदींना निम्म्यावर. एखाद्या मध्यम महाविद्यालयाच्या काही वर्षांच्या प्रवेशनोंदी यांतल्या पहिल्या आकड्यापर्यंत सहज पोचतात. आखूड आयडी हवाच असेल तर तो वेगळा तयार करा, त्याबद्दल पुढे बोलू. आणि काहीही वापरलं तरी डेटाबेसमधल्या त्या कॉलमवर युनिक ही अट लावाच. टक्कर होणार नाही यावर विश्वास ठेवणं वेगळं आणि झालीच तर ती लगेच कळेल अशी सोय करणं वेगळं. टक्कर बहुधा गणितामुळे होत नाही, कुणीतरी फाइल दोनदा आयात केल्यामुळे होते.

यूयूआयडी१ जुना आहे आणि अजून खूप ठिकाणी भेटतो. मायएसक्यूएलचं यूयूआयडी हे फंक्शनही हाच प्रकार देतं. त्यात वेळ असते आणि संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ताही असतो. वेळ मोजली जाते १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका सुरू झाली त्या दिवसापासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. म्हणजे आयडी पाहून तो कधी आणि कुठल्या यंत्रावर बनला हे शोधता येतं. १९९९ मध्ये पसरलेल्या मेलिसा या विषाणूच्या तपासात वर्डच्या फायलीत दडलेल्या अशाच आयडीचा उपयोग झाला होता. गुन्हेगार सापडला हे चांगलंच, पण तुमच्या रुग्णांच्या, विद्यार्थ्यांच्या नोंदींनी अशी माहिती बाहेर न्यावी असं काही कारण नाही. नव्या कामात यूयूआयडी१ घेऊ नका.

सात नंबरची आवृत्ती

यूयूआयडी४ ची खरी अडचण डेटाबेसमध्ये दिसते, तीही नोंदी लाखांत गेल्यावर. डेटाबेस आयडींची सूची क्रमानं लावून ठेवतो. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणांसारखंच ते आहे: नवीन कार्ड नेहमी शेवटी येणार असेल तर शेवटचा एक खण उघडा ठेवला की झालं, पण प्रत्येक नवीन कार्ड कुठल्याही खणाच्या मधोमध घालायचं असेल तर सगळे खण सतत उघडावे लागतात, भरलेले फोडावे लागतात. यादृच्छिक आयडी हे दुसरं काम करायला लावतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत तर पूर्ण नोंदच प्रायमरी कीच्या क्रमानं साठवली जाते, त्यामुळे तिथे हा त्रास अधिक जाणवतो.

आरएफसी ९५६२ नं आणलेली सातवी आवृत्ती यासाठीच आहे. तिच्या सुरुवातीच्या ४८ बिटांत १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात, बाकीचा बहुतेक भाग यादृच्छिक. त्यामुळे नंतर बनलेला आयडी क्रमानंही नंतर येतो. पायथनमध्ये यूयूआयडी७ हे फंक्शन ३.१४ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. एकाच मिलिसेकंदात अनेक आयडी मागितले तरी क्रम बिघडू नये म्हणून पायथन त्यात ४२ बिटांचा एक मोजकही ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये १८ व्या आवृत्तीपासून तेच काम डेटाबेस स्वतः करू शकतो. जुन्या पायथनवर असाल तर पायपीआयवर यासाठी पॅकेजेस आहेत.

आयडीत तारीख भरू नये असं मी वर म्हटलं आणि इथे वेळेच्या क्रमाचीच शिफारस करतो आहे, हे वाचकाच्या ध्यानात आलं असेल. फरक असा की हा क्रम डेटाबेसच्या सोयीसाठी आहे, तुमच्या प्रोग्रामनं त्यावर विसंबायचं नाही. नोंद कधी झाली हे हवं असेल तर त्याचा स्वतंत्र कॉलम ठेवा. एखाद्या लॅपटॉपचं घड्याळ चुकलेलं असेल तर यूयूआयडी७ मधली वेळही चुकलेलीच असणार. आणि हा आयडी ज्याला दिसेल त्याला नोंद कधी झाली तेही दिसेल. एचआयव्ही तपासणीसारख्या नोंदीचा आयडी बाहेर जाणार असेल तर तेवढीही माहिती का द्यायची? तिथे यूयूआयडी४ च बरा. बाकी मोठ्या तक्त्यांसाठी माझा कौल सातव्या आवृत्तीला.

नावावरून आयडी, आणि मराठीची खास अडचण

यूयूआयडी५ ची जात वेगळी. त्याला एक नामावकाश (नेमस्पेस) आणि एक नाव दिलं की त्या जोडीचा आयडी नेहमी तोच येतो, आज काढा की दहा वर्षांनी, पुण्यात काढा की पणजीत. तीच यादी पुन्हा आयात करताना दुहेरी नोंदी टाळायच्या असतील तर हे फार उपयोगी पडतं. नामावकाश स्वतःचा घ्या: यूयूआयडी४ नं एकदाच एक आयडी काढा आणि तो प्रोग्राममध्ये स्थिरांक म्हणून लिहून ठेवा.

इथे मराठीत काम करणाऱ्यांना जपावं लागतं. यूयूआयडी५ अक्षरांच्या दिसण्यावरून बनत नाही, त्यांच्यामागच्या बाइटांवरून बनतो. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही सारखे, आयडी मात्र तीन वेगळे. 'दऱ्या', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', सगळ्यांची हीच गत. 'ॲ' चंही तसंच: तो एक स्वतंत्र चिन्ह म्हणून येतो, किंवा अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा येतो.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी पद्धतीनं चालवलं की ऱ चे पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा, अदृश्य जोडचिन्हाचा, तसाच राहतो. ॲ चे दोन प्रकारही एक होत नाहीत. म्हणजे नॉर्मलाइझ करणं आवश्यक आहे पण पुरेसं नाही, उरलेले बदल आपल्याला स्वतःच्या छोट्या फंक्शनमध्ये लिहून घ्यावे लागतात आणि आयडी काढण्याआधी प्रत्येक नाव त्यातून न्यावं लागतं. दोन शब्द सारखे दिसूनही पायथन ते वेगळे म्हणत असेल तर दोन्ही आस्की या अंगभूत फंक्शनला देऊन पाहा, आतली चिन्हं उघडी पडतात. अंकांचंही ध्यान असू द्या. '४७' या देवनागरी मजकुरावर इंट चालवलं तर पायथन ते बिनतक्रार सत्तेचाळीस म्हणून घेतो, पण मजकूर म्हणून देवनागरी आणि इंग्रजी अंकांतले सत्तेचाळीस जुळत नाहीत. हे सगळं पाहिल्यावर माझा सल्ला असा की माणसांच्या आणि गावांच्या नावांवरून आयडी काढू नका. गावाला सरकारी कोड असेल तर त्यावरून काढा.

यूयूआयडी५ नं माहिती लपते असंही समजू नये. मोबाइल क्रमांकावरून काढलेला आयडी पाहून मूळ क्रमांक शोधायचा तर दहा अंकांच्या सगळ्या शक्यता चालवून पाहायच्या, आजच्या संगणकाला ते मुळीच जड नाही.

पायथनमध्ये पाय घसरतो त्या जागा

फंक्शनच्या डीफॉल्ट किमतीत यूयूआयडी४ कंसासह लिहिणं ही सर्वांत नेहमीची चूक. पायथन डीफॉल्ट किंमत फंक्शन तयार होताना एकदाच काढतो, दर वेळी बोलावताना नाही. त्यामुळे प्रोग्राम बंद होईपर्यंत प्रत्येक नोंदीला तोच आयडी मिळतो. जँगोच्या मॉडेलमध्ये डीफॉल्ट देताना फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, कंस लावायचे नाहीत. डेटाक्लासमध्ये यासाठी डीफॉल्ट_फॅक्टरी आहे. कॉलमवर युनिक अट असेल तर ही चूक दुसऱ्या नोंदीलाच कळते, नसेल तर महिन्यांनी.

आयडी या नावाचं पायथनचं अंगभूत फंक्शन या कामाचं नाही. ते वस्तू मेमरीत जिवंत असेपर्यंतच तिची ओळख सांगतं, ती गेली की तोच क्रमांक दुसऱ्या वस्तूला मिळू शकतो. हॅशही नाही: पायथन ३.३ पासून मजकुराचा हॅश प्रोग्राम दर वेळी सुरू करताना बदलतो. यातलं काहीही फायलीत साठवू नका.

यूयूआयडी प्रोग्राममध्ये आल्याबरोबर त्याची यूयूआयडी वर्गाची वस्तू करून घ्या आणि बाहेर जातानाच तिचा मजकूर करा. मध्ये कुठेही दोन्हींची सरमिसळ नको, कारण वस्तू आणि तिचाच मजकूर यांची तुलना केली तर पायथन 'वेगळे' म्हणतो आणि कसलीही सूचना देत नाही. वस्तू करण्याचा फायदा असा की मोठी-लहान अक्षरं, महिरपी कंस, रेघा असणं-नसणं हे सगळे भेद तिथेच मिटतात, आणि आकारात न बसणारं काही आलं तर व्हॅल्यूएररही तिथेच मिळतो. जेसनमध्ये ही वस्तू थेट जात नाही. डम्प्स फंक्शनच्या डीफॉल्ट या पॅरामीटरला एसटीआर दिलं की काम होतं. डेटाबेसमध्ये पोस्टग्रेसचा यूयूआयडी प्रकार किंवा मायएसक्यूएलमध्ये १६ बाइटांचा बायनरी कॉलम वापरा. ३६ अक्षरांचा मजकूर दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि इनोडीबीत प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्येही प्रायमरी कीची प्रत जात असल्यानं ती जागा अनेक वेळा भरते. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून १६ बाइट कच्चे येत असतील तर पहिल्या तीन गटांचे बाइट उलटे लावलेले असतात, त्यासाठी बाइट्स_एलई हा गुणधर्म आहे.

टेस्ट लिहिताना यादृच्छिक आयडी आडवे येतात. आयडी देणारं फंक्शन आपल्या कोडला बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये ठरावीक आयडी देणारं दुसरं फंक्शन बसवता येतं.

एक्सेल आणि जावास्क्रिप्ट

आपल्याकडे माहिती शेवटी एक्सेलमधून जातेच, मग ती शाळा असो की पतसंस्था. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं, त्यापुढचे शून्य करतं. सोळा अंकांचा आयडी एकदा असा उघडून सेव्ह केला की शेवटचा अंक कायमचा गेला. सुरुवातीचे शून्यही गळतात. यूयूआयडीची पहिली आठ अक्षरं कापून ठेवली असतील आणि त्यांत सगळे अंक नि मध्ये एखादा 'ई' आला, तर एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजतं. आयडीसारख्या नावांच्या एक्सेल आपोआप तारखा करतं, याला कंटाळून मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबरसारख्या दिसणाऱ्या जनुकांची नावंच बदलली. पांडाज वापरून सीएसव्ही वाचताना आयडीचा कॉलम मजकूर म्हणून वाच असं डीटाइपमध्ये सांगा. नाहीतर शून्य गळतील आणि एखादी जागा रिकामी असेल तर सगळे आयडी दशांशचिन्ह लावून येतील.

जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक अचूक राहण्याची मर्यादा २ चा ५३ वा घात. ट्विटरनं २०१० मध्ये स्नोफ्लेक ही ६४ बिटांच्या आयडीची पद्धत आणली, तेव्हा ब्राउझरमध्ये शेवटचे अंक बदलू नयेत म्हणून तोच आयडी मजकूर म्हणूनही द्यावा लागला. आयडीवर बेरीज-वजाबाकी करायची नसते, म्हणून त्याला संख्येसारखं वागवायचंही कारण नाही. एपीआयमधून तो मजकूर म्हणूनच पाठवा.

माणसांसाठी वेगळा क्रमांक

आयडीत अर्थ भरण्याचा मोह सरकारी कचेऱ्यांपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे आहे. ठाणे जिल्ह्याचा कोड घालून बनवलेले आयडी १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर तिथल्या नोंदींपुरते खोटे झाले. औरंगाबादच्या आद्याक्षरांनी सुरू होणारे आयडी २०२३ नंतर छत्रपती संभाजीनगरात कुणाला काय सांगणार? पॅनमधलं पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचा पॅन तोच राहतो, अक्षर जुन्या आडनावाचं. तोच राहतो हे योग्यच, पण मग त्या अक्षरावर कुणी विसंबू नये. आधार क्रमांक या बाबतीत शहाणपणानं रचलेला आहे. त्यातल्या बारा अंकांत राज्य, जन्मतारीख, जात यांतलं काहीही नाही. शेवटचा अंक फक्त तपासणीचा आहे, व्हरहॉफ यांच्या १९६९ च्या पद्धतीनं काढलेला. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो हमखास पकडतो.

माणसानं वाचायचा, फोनवर सांगायचा, हातानं लिहायचा क्रमांक यूयूआयडीहून वेगळा ठेवा. नोंदीची खरी ओळख यूयूआयडी, तीच तक्ते जोडते. सोबतच्या कॉलममध्ये आखूड क्रमांक, तपासणीच्या अंकासह, युनिक अटीसह. त्यात अक्षरं वापरायची असतील तर क्रॉकफर्ड या प्रोग्रामरनं सुचवलेला ३२ चिन्हांचा संच घ्या, शून्याशी किंवा एकाशी गोंधळ करणारी रोमन अक्षरं त्यातून आधीच वगळलेली आहेत. शिबिरातल्या केसपेपरवर हा आखूड क्रमांक छापा आणि प्रत्येक टेबलाला आधीच वेगळा टप्पा वाटून द्या.

गुपित मात्र आयडीवर सोपवू नका. पासवर्ड बदलण्याची लिंक, सेशनची खूण यांसाठी पायथन ३.६ पासून सीक्रेट्स हे मॉड्यूल आहे, त्यातलं टोकन_यूआरएलसेफ वापरा. रँडम मॉड्यूल इथे चालत नाही, त्याचे पुरेसे आकडे पाहिले की पुढचे ओळखता येतात. यूयूआयडी लॉगमध्ये, ईमेलमध्ये, स्क्रीनशॉटमध्ये सगळीकडे दिसतो, तो दिसला तरी काही बिघडू नये अशीच रचना हवी.

आयडी मोबाइलवरच, नोंद पाठवण्याआधी काढण्याचा एक मोठा लाभ शेवटी सांगतो. खेड्यात रेंज जाते. नोंद सर्व्हरवर पोचली पण 'पोचली' हे उत्तर परत आलं नाही, तर मोबाइल ती पुन्हा पाठवतो. आयडी सर्व्हर देत असेल तर एकाच रुग्णाच्या दोन नोंदी होतात. आयडी आधीच काढलेला असेल तर दुसऱ्या वेळी तोच आयडी येतो, युनिक अट ती नोंद अडवते आणि सर्व्हर 'ही आधीच आहे' असं सांगतो. पैशांच्या व्यवहारात तर हे आवर्जून करा.

तुमचा चालू प्रोग्राम उघडा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: आयडीच्या प्रत्येक कॉलमवर युनिक अट आहे का, कुठे डीफॉल्टमध्ये कंसासह फंक्शन बोलावलं आहे का, आणि कुठे यूयूआयडीचा तुकडा कापून वापरला आहे का. सापडलं तर आजच दुरुस्त करा. नोंदी वाढल्यावर आयडी बदलायचा म्हणजे त्याला जोडलेला प्रत्येक तक्ता, प्रत्येक छापील कागद आणि प्रत्येक लिंक बदलावी लागते.